खाकी कव्हरातले तीन भाग

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका चिकट माणूस अख्ख्या सीवूड्समध्ये सापडणार नाही, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगायला तयार आहे. पैशाला चिकट नव्हेत हो, गणपतीची वर्गणी सगळ्यांत आधी त्यांची. चिकट पुस्तकांना, आणि तीही एकाच खेळाच्या. गो म्हणून चीन-जपानकडचा खेळ आहे, रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून जागा वेढायची. काकांची सगळी नोकरी उरणकडच्या बंदरात झाली. बाकीचे लोक खलाशांकडून अत्तरं आणि कॅमेरे मागवायचे, हा बाबा गो शिकवणारी पुस्तकं मागवायचा. त्यातल्या एका चार भागांच्या इंग्रजी संचाचे तीन भाग मिळाले, चौथा छापायचाच बंद झाला, आणि काका तिथेच अडकले.

"अर्धवट शिकून खेळलं की हाताला वाईट वळण लागतं. चौथा वाचू, मग खेळू." म्हणजे वर्षानुवर्षं पट घरात, सोंगट्या घरात, आणि डाव एकही नाही! तिन्ही भागांना शाळेतल्यासारखी खाकी कव्हरं, वर नाव-इयत्ता-विषयाचं लेबल, आणि दर जूनला कव्हरं नवी. नेटवर दुसरी पुस्तकं ढिगाने आहेत म्हटलं, तर "जी सहज मिळतात ती शिकवत नाहीत" म्हणून चहा पुढे करायचे. परदेशातल्या एका दुकानदाराने चौथ्याऐवजी तिसराच भाग धाडला. काकांनी तो परत पाठवला, तोही कव्हर घालून. उघडं पुस्तक पाठवणं बरं दिसत नाही म्हणे.

रिटायर झाल्यावर मलाही खेळ शिकावासा वाटला. मी पहिला भाग मागितला. काकांनी माझा तळहात धरून उजेडात पाहिला आणि म्हणाले, "तुम्हाला घाम फार येतो." माझ्या जावयासमोर! डोक्यात तिडीक गेली माझ्या.

दोनच महिन्यांनी खिडकीच्या ग्रीलचं बघायला कळंबोलीला गेलो होतो. शेजारच्या भंगारवाल्याकडे पुस्तकांचा ढीग होता, आणि ढिगात चौथा भाग. खरं तर धावत वर जायचं की नाही? नाही गेलो. शर्टांखाली कपाटात ठेवला. म्हटलं, आधी त्यांनी आपण होऊन पहिला द्यावा, मग बघू. जिन्यात भेटले की काका विचारायचे, "कुठे दिसला काय हो?" मी "नाही बुवा" म्हणायचो, आणि लाज वाटायच्या ऐवजी मजा वाटायची मला. अशी दोन वर्षं काढली मी.

गेल्या जूनमध्ये काका मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले. निघायच्या दिवशी तिन्ही भाग घेऊन दारात उभे. कव्हरं कोरी. लेबलवर वाकड्यातिकड्या अक्षरात नाव माझं, इयत्ता पहिली.

"डोळ्यांचे पडदे गेले हो. वर्ष झालं, अक्षर दिसत नाही. तुम्ही शिका आता."

वर्ष झालं. म्हणजे त्याआधीचं अख्खं वर्ष त्यांना दिसत होतं, आणि पुस्तक माझ्या कपाटात होतं. मी आत गेलो, "हा घ्या चौथा" म्हणत पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली, वास घेतला.

"कधी मिळाला?"

"कालच," मी म्हणालो.

"बघा! मी म्हणत होतो ना, मिळतो!" लहान पोरासारखे हसले हो. मग पुस्तक मला परत दिलं. "कव्हर घाला याला. आणि हात पुसून घ्या."

कव्हर घातलं मी, लेबलवर नाव त्यांचं लिहिलं. दर रविवारी त्यांचा फोन येतो, "कितव्या पानावर आलात?" मी हात पुसतो, पान उघडतो आणि वाचून दाखवतो. चौथा भाग अर्धा झालाय. "कालच" हा शब्द मात्र अजून मागे घेता आलेला नाही.