मोडकांचं मशीन आणि दक्षिणेची भिंत

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, डावीकडे आम्ही आणि उजवीकडे मोडक. विश्रांतवाडीतल्या या सोसायटीत आम्ही एकाच सुमारास राहायला आलो, त्यामुळे एकमेकांकडे काय शिजतंय ते वासावरून आणि काय बिनसलंय ते आवाजावरून कळतं. दिगंबर मोडक हडपसरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. फोटो काढायचा नाद तरुणपणापासूनचा. माणसं निवृत्त झाली की गुडघ्यांची नाहीतर यात्रेची चौकशी करू लागतात. यांनी घरात फोटो छापायचं मशीन आणलं, आणि तेही टेबलावर मावणारं नव्हे. दोन फूट रुंद कागदाचं भेंडोळं लावायचं, डझनभर शाया भरायच्या, असं स्वतःच्या पायांवर उभं राहणारं. ते जिन्यातून वर चढवताना हमालांनी कठड्याचा रंग खरवडला. तो ओरखडा अजून आहे आणि सोसायटीने तो अजून माफ केलेला नाही.

हॉलमध्ये दिवाण होता तिथे मशीन आलं आणि दिवाण गॅलरीत गेला. उल्कावहिनी शाळेत गणित शिकवायच्या. उत्तर थोडक्यात लिहायची सवय त्यांनी मुलांना लावली होती आणि स्वतःही पाळली होती. त्यांनी मशीनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाहुण्यांनी बसायचं कुठे? याच्या ट्रेमध्ये?"

या मशीनची एक खोड आहे. ते वापरल्याने नाही, न वापरल्याने बिघडतं. केसाहून बारीक छिद्रांतून शाई येते, आणि आठवडाभर काही छापलं नाही की ती तिथेच वाळून बसते. मग फोटोत पांढरे पट्टे येतात, एखादा रंगच गायब होतो. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर विचारायलाच नको. मोडक उन्हाळाभर मशीनखाली पाण्याचं पातेलं ठेवायचे. "त्याला तहान लागते," असं वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या.

म्हणून दर रविवारी नाश्ता झाला की एक मोठा फोटो छापायचा, असा मोडकांनी नेमच करून टाकला. आमच्या भिंतीतून मशीनची घरघर ऐकू आली की आज रविवार हे कळायचं. सुरुवातीला फुलं, किल्ले, सूर्यास्त असं सगळं झालं. नातेवाइकांच्या भिंती भरल्या. त्यांच्या मेहुण्याने तर स्पष्टच सांगितलं की आता सूर्यास्त नको, द्यायचंच असेल तर श्रीखंड द्या.

मग माझे वडील गेले. भेटायला येणाऱ्यांसमोर फोटो ठेवायला हवा, आणि घरात बाबांचा एकही धड फोटो नाही. सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले तेव्हा मांजरी गावच्या एका मंगल कार्यालयातल्या लग्नाचा सापडला. त्यात त्यांनी गुलाबी फेटा बांधलेला आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. मोडकांनी बसून तो हात काढला, पण फेटा काही निघेना. बाबा आजही आमच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाला निघालेले दिसतात. मला त्याचा राग येतो, आणि त्या फोटोशिवाय करमतही नाही.

तेव्हापासून सोसायटीत कुणी गेलं की त्या घरचं माणूस मोबाइल घेऊन मोडकांच्या दारात उभं राहू लागलं. मोडक नाही म्हणायचे नाहीत, पण त्या फोटोंनी ते हैराण व्हायचे. कुणी जेवताना टिपलेलं, कुणाचे डोळे मिटलेले, कुणी केक कापताना. "सत्तर-ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा एक सरळ फोटो नसावा?" असं ते मला तावातावाने विचारायचे. नसतो, हे खरं होतं. आम्ही लोक देवळाचा, पोह्यांचा, नातवाचा फोटो काढतो. म्हाताऱ्याला म्हणतो, जरा बाजूला व्हा.

मोडकांनी मग एक उद्योग आरंभला. सोसायटीतल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना ते एकेक करून सकाळी गॅलरीत बोलवायचे. "मशीन चालू ठेवायचंय, जरा बसता का?" एवढंच सांगायचे. गॅलरीत उन्हाचा कवडसा नाही, नुसता मऊ उजेड. वहिनी चहा द्यायच्या, माणूस गप्पांत रमायचं आणि मोडक हळूच फोटो काढायचे. ते फोटो रविवारी छापले जायचे, पण द्यायचे कुणालाच नाहीत. जिवंत माणसाच्या हातात त्याचा एवढा थोरला फोटो ठेवायचा म्हणजे त्याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. म्हणून सगळे गुंडाळी करून एका नळकांड्यात घालून कपाटामागे ठेवलेले.

हे बाहेर फुटलं ते तात्यारावांमुळे. तात्याराव म्हणजे आमच्या सोसायटीतले सर्वांत वयस्कर आणि सर्वांत कमी बोलघेवडे गृहस्थ. कॅलेंडर मागायला ते मोडकांकडे आले. मोडक घरात नव्हते. कॅलेंडर याच नळकांड्यात असेल म्हणून वहिनींनी ते काढलं आणि गुंडाळी उलगडली. वर खुद्द तात्याराव, त्यांच्याखाली तळमजल्यावरच्या आजी, त्यांच्याखाली गच्चीवर वाळवणं घालणारे गोखले. तात्यारावांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. इतक्यात मोडक आले.

"मोडक," तात्याराव म्हणाले, "यात माझा नंबर कितवा?"

 मोडक काहीतरी मशीनचं, शाईचं सांगायला लागले. तात्यारावांनी हात वर करून थांबवलं. "फोटो चांगला आलाय. पण मी गेल्यावर तो बघणार कोण? सगळे मान खाली घालून बसलेले असतात. द्या इकडे, मीच बघतो." आणि स्वतःला काखेत मारून ते जिना उतरले.

गोष्ट तिथेच संपली असती. पण वहिनी गुंडाळी परत घालताना थांबल्या. हे सगळं मला त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून शब्दही त्यांचेच आहेत.

"अहो, यात माझा कुठाय?"

"तू कुठे सत्तरीची झालीस?" मोडक म्हणाले.

"मी होणारही नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या फुप्फुसांचा आजार तेव्हा आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. फुप्फुसं आखडत चालली होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उतार पडणार नाही, फक्त वेग कमी करता येईल. हॉलमध्ये दुसरं मशीन आलं होतं, प्राणवायूचं. त्यालाही पाण्याची बाटली लागायची. एकाला पातेलं, एकाला बाटली, आणि दोन्हींत पाणी भरणारे मोडक एकटे.

मोडकांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी कागद संपल्याचं सांगितलं. खरी गोष्ट अशी की त्यांनी वहिनींचे आयुष्यभर शेकड्याने फोटो काढले होते, पण मोठा एकही छापला नव्हता. गेलेल्या माणसांचे फोटो छापून छापून त्यांच्या मनाने घेतलं होतं की त्या कागदावर आपलं माणूस उतरलं की ते गेलं. चांगला शिकलासवरलेला माणूस, ग्रहणात जेवणारा, पण इथे मात्र त्यांचा हात पुढे होईना. आणि वहिनींना तर आपला फोटो आपल्या डोळ्यांनी बघायचा होता. दोघांत दुसरं कसलंच भांडण नव्हतं.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला चैन पडेना, म्हणून मी गेलो. मोडक पेपर उघडून बसले होते आणि वाचत नव्हते. वहिनी गॅलरीतल्या दिवाणावर, नाकाला नळी लावून.

"भावजी, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. थांबून थांबून बोलायच्या आता, पण बोलायच्या. "यांना विचारा, मशीन बंद ठेवलं की काय होतं."

मोडक पेपरातून म्हणाले, "शाई वाळते."

"कुठे वाळते?"

"आतल्या आत."

"मग?" वहिनी म्हणाल्या. "मी गेल्यावर तुम्ही माझा फोटो छापणार, तेव्हा तुमचे डोळे भरलेले असणार. रंग नीट दिसणार नाहीत. आत्ता छापा. चुकला तर मी सांगेन."

मोडकांनी पेपर खाली ठेवला. त्यांचे डोळे तेव्हाच भरले होते. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझेही काही वेगळे नव्हते.

फोटो वहिनींनीच निवडला. मोडकांनी संगणकावर एकापेक्षा एक सुंदर फोटो दाखवले, पैठणीतला, समुद्रावरचा, मुलीच्या लग्नातला. वहिनी मान हलवत राहिल्या. शेवटी त्यांनी एकावर बोट ठेवलं. कुठल्याशा दिवाळीत पाहुणे आलेले, वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हॉलकडे वळलेल्या, हातात चमचा, तोंड अर्धवट उघडं, एक बट कपाळावर. त्या कुणाला तरी साखर किती म्हणून विचारत असताना मोडकांनी टिपलेला.

"हा? यात तू धड बघतही नाहीयेस," मोडक म्हणाले.

"यात मी बोलतेय. बाकीच्यांत नुसतीच बसलेय."

मशीन सुरू केलं, तर व्हायचं तेच झालं होतं. शाई वाळली होती. पहिल्या प्रतीत लाल रंगच उतरला नाही आणि वहिनी हिरव्यागार आल्या. त्या इतक्या हसल्या की धाप लागली आणि मोडक घाबरून मशीन सोडून त्यांच्याकडे धावले. धाप खाली बसल्यावर त्या म्हणाल्या, "कैरी दिसतेय. पुन्हा छापा." मोडकांनी छिद्रं साफ केली, पुन्हा छापलं, पट्टे आले, पुन्हा साफ केली. दुपारी जेवणाची वेळ टळून गेल्यावर एक प्रत धड आली. वहिनींनी ती चष्मा लावून जवळून, मग चष्मा काढून लांबून पाहिली.

"बरी होते की मी," त्या म्हणाल्या. एवढंच. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

फ्रेम आली तेव्हा लावायची कुठे हा प्रश्न निघाला. हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीवर मोडकांचे आईवडील, दोघांना चंदनाचे हार. आपल्याकडे गेलेल्यांची भिंत तीच. वहिनी म्हणाल्या, "तिथेच लावा, शेजारी. जागा तेवढीच रिकामी आहे. शिवाय पुढे जायचंय तिथेच, दोनदा खिळा कशाला ठोकायचा?" मोडकांनी हातोडी माझ्या हातात दिली. खिळा मी ठोकला.

मग त्या घरी एक वेगळीच पंचाईत सुरू झाली. कारखान्यातले जुने सहकारी सुदर्शन बऱ्याच वर्षांनी भेटायला आले. चपला काढल्या, आत आले आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थिजले. हात आपोआप जोडले गेले. "दिगंबरराव, मला कुणी कळवलंसुद्धा नाही. कधी झालं हे?"

मोडकांनी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "अजून नाही. साखर किती?"

सुदर्शन मटकन खाली बसले. वहिनींनी ही गोष्ट मला किमान दहादा सांगितली असेल, आणि दर वेळी सुदर्शनांचा चेहरा करून दाखवला. त्यानंतर नवीन पाहुणा आला की त्या मुद्दाम आत जाऊन उभ्या राहायच्या. प्राणवायूची लांब नळी ओढत, भिंतीला धरून, पण जायच्या. तेवढ्यासाठी त्या पाहुण्यांची वाट बघायच्या असं मला वाटतं.

पौषातल्या थंडीत वहिनी गेल्या. घरी, झोपेत. लोक फोटोसाठी धावपळ करायला लागले तेव्हा मोडकांनी फक्त भिंतीकडे बोट केलं. तो खाली काढून स्टुलावर ठेवला. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला, मोडकांनी तो घालू दिला. दिवस झाल्यावर त्यांनी तो त्याच खिळ्याला परत लावला. वहिनींच्या नणंदेने चंदनाचा हार आणला होता, तो त्यांनी घेतला, तिच्यादेखत खणात ठेवला.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती बोलतेय त्यात. गळ्यात हार घालून कुणी चहाचं विचारतं का?"

मला वाटलं होतं मशीन आता कायमचं थंडावणार. पण महिन्याभरात एका रविवारी भिंतीपलीकडे घरघर झाली. मी चहाचा कप तसाच ठेवून तिकडे गेलो. मोडक तळमजल्यावरच्या आजींचा फोटो छापत होते, आजींनी स्वतः मागितलेला. आता सोसायटीतली म्हातारी माणसं आपापले फोटो मागून नेतात आणि आपल्या हाताने भिंतीवर लावतात. तात्याराव म्हणतात, त्यांचा फोटो रोज त्यांच्याशी त्यांच्यापेक्षा जास्त बोलतो.

परवा मी तिथे बसलो होतो तेव्हा वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं जोडपं आलं, रोहन आणि दीपाली. त्याच्या वडिलांचा फोटो मोठा करून हवा होता. मोडक मशीन लावत होते. दीपालीची नजर भिंतीवर गेली. आधी हारातले दोन फोटो, मग शेजारी चमचा घेतलेली बाई, हाराशिवाय. ती हसली.

"काकूंचा फोटो कसला कॅंडिड आहे," ती म्हणाली. "काकू बाहेर गेल्यात का?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मोडकांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाचं भेंडोळं हळूच खाली ठेवलं आणि आत गेले. भांडी वाजली. मग स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "साखर किती?"

"दोन चमचे, काका," दीपाली म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही.