बरोबरीरावांच्या बाजूने एक मत

काचवाल्या काकूंचा नवरा आणि मुलगा दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. खाली काचेचं दुकान, वर तीन खोल्या, त्यात माणसं तीन. पण अबोला असा, की दोन राजवाड्यांनाही पुरून उरावा. भांडण तसं साधंच. काकांनी मुलाला न विचारता दुकानाच्या पाटीवर 'आणि चिरंजीव' असं रंगवून घेतलं, आणि त्याच आठवड्यात चिरंजीवांनी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली. नळाच्या पाण्याचे नमुने तपासायची.

"पाण्याकडे बघत बसायचा पगार देतात म्हणे," काका म्हणाले.

"तुमच्या काचेतून तरी काय वेगळं दिसतं, बाबा?" मुलगा म्हणाला.

झालं. त्यानंतर जे काही बोलणं व्हायचं ते काकूंमार्फत.

"आई, बाबांना सांग, न्हाणीघरातला दिवा गेलाय."

"त्याला सांग, मला डोळे आहेत."

बापलेक एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेले असायचे. काकू इकडचा निरोप तिकडे करायच्या. सुरुवातीला जसाच्या तसा, पुढे पुढे खडे वेचून. दिवसभर दुकानात मापं घ्यायची, कापलेल्या काचेच्या कडा घासायच्या, तसबिरींना मागून खिळे ठोकायचे आणि वर येऊन हे टपाल खातं चालवायचं. कडा घासण्याची सवय होती म्हणून निभावलं.

अशात शहराच्या फुटबॉल क्लबला नवा प्रशिक्षक आला. काकांना दारू नाही, पत्ते नाहीत. असलं तर हे एकच व्यसन. नवा माणूस दिसायला भारदस्त, बोलायला मऊ आणि कामाला बेतास बात. त्याचा संघ धड जिंकायचा नाही, धड बुडायचाही नाही. एक गोल झाला की हा गडी घाबरून पुढचे खेळाडू मागे ओढायचा आणि शेवटच्या घटकेला समोरचे हमखास बरोबरी साधायचे. मग कॅमेऱ्यासमोर ठरलेलं वाक्य: "मुलांनी मेहनत घेतली." लोकांनी त्याचं नाव बरोबरीराव ठेवलं.

एका शनिवारी बरोबरीरावाने संघ पुढे असताना सगळ्यात चपळ पोराला बाहेर बोलावलं. काका टीव्हीसमोरच्या खुर्चीतून ताडकन उठले. "अरे, काढला त्याला! याच्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

टॉवेल घेऊन मागून जाणारा मुलगा दारात थबकला. "आणि त्याच्या जागी आणलं कुणाला, ते तर बघा."

"तेच म्हणतो मी! तो ठोकळा!"

"ठोकळा निदान जागचा हलत नाही, बाबा. हा उलटा पळतो."

काका हसले. स्वयंपाकघरात काकूंच्या हातातली पळी हातातच राहिली.

तेव्हापासून काकू फुटबॉल शिकल्या. खेळ नव्हे, हवामान शिकल्या. संघ जिंकला की दोघं नुसतीच मान हलवून आपापल्या खोलीत जातात; बरोबरीरावाने माती खाल्ली की जेवण गार होईस्तोवर बोलत बसतात, हे त्यांनी ओळखलं. बाकीच्या दिवसांत मात्र निरोप्याचं काम चालूच. त्यामुळे अख्ख्या शहरात बरोबरीरावाला मनापासून आयुष्य चिंतणारी बाई बहुधा ही एकच.

पण बाकीचं शहर विटलं होतं. शेवटी चाहत्यांच्या संघटनेने सभासदांचा फोनवरून कौल घेतला: प्रशिक्षक राहावेत की जावेत? काकांनी स्वस्त पडतं म्हणून सभासदत्व घरातल्या सगळ्यांचंच घेतलेलं, तेव्हा मत काकूंनाही होतं.

"'जावेत' दाबलंस ना?" काकांनी विचारलं.

"दाबलं," काकू म्हणाल्या, आणि फोन पदराआड धरून त्यांनी 'राहावेत' दाबलं.

निकाल लागला तेव्हा बापलेक पोट धरून हसले. हजारोंच्या विरोधात अवघी एकवीस मतं!

"कोण असतील हो हे एकवीस महाभाग?" मुलगा म्हणाला.

"त्याचे सासरचे असणार! दुसरं कोण?"

काकू ओट्यावरचा न पडलेला डाग पुसत राहिल्या.

पुढच्या शनिवारी पुन्हा बरोबरी झाली आणि क्लबने त्याला नारळ दिला. गल्लीत लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. दुकानात येणारा प्रत्येकजण काकांचं अभिनंदन करत होता, जणू यांनीच त्याला हाकललं. काकूंना मात्र वेगळीच काळजी. आता बोलणार कशावर हे दोघं?

रात्रीच्या जेवणाला तेच झालं. ताटात चमचे वाजत होते, बाकी चिडीचूप. काकूंनी भाजीत मीठ कमी आहे का विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं, तेही वेगवेगळं. काकू आपल्या ताटातली भाजी नुसतीच चिवडत राहिल्या.

मग काका ताटाकडे बघतच म्हणाले, "आता काय करेल तो?"

काकू उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "बागकाम करेल. त्याला तेच आवडतं म्हणे."

"बागकाम?"

"मागे मुलाखतीत सांगत होता. वडील मोठे प्रशिक्षक होते ना त्याचे! त्यांनी घातलं यात. याला रोपवाटिका काढायची होती."

काकांचा हात थांबला. "कधी बोलला नाही बापाला?"

"बोलला असेल," मुलगा म्हणाला. "ऐकलं नसेल."

काकूंना पुढचं सगळं दिसू लागलं. आता ताट सरकणार, खुर्ची वाजणार, दार आपटणार. पण काकांनी आणखी भाजी वाढून घेतली.

"माळी चांगला झाला असता," ते म्हणाले. "माणूस वाईट नव्हता. नको तिथे उभा होता, एवढंच." पाण्याचा पेला त्यांनी उचलला, दिव्यासमोर धरला आणि डोळे बारीक केले. "यात तुम्ही नेमकं बघता तरी काय रे?"

मुलाने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "नुसतं बघून नाही कळत, बाबा. आधी त्यातलं औषध मोजायचं..."

"मग गेल्या महिन्यात पाण्याला वास का मारत होता?"

"कोणत्या भागात? आपल्याकडे?"

"आपल्याकडेच! तुझ्या आईने बादलीभर ओतून दिलं. कुठे होतात तेव्हा तुम्ही सगळे मोजणारे?"

"टाकी धुतली होती तेव्हा! तुम्ही मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार?" काका गुरगुरले, आणि मग स्वतःशीच ओशाळून हसले. "बरं, आता सांग. टाकी धुतली, मग?"

मुलगा चमच्याने टेबलावर टाकी आणि नळ काढून दाखवू लागला. काका पुढे झुकले. खुर्चीत पाठ टेकताना काकूंना आपण किती दिवस ताठ बसत होतो ते कळलं. भूकही सपाटून लागली होती. दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी पातेलं जवळ ओढलं आणि उरलेले दोन्ही बटाटे आपल्याच ताटात वाढून घेतले.