चढला का पडला

फाटकाची कडी वाजली की मागोमाग प्रश्न यायचा, "भाऊ, टक्का चढला का पडला?" नमस्कार नंतर.

चौबे कॉलोनीतले आमचे हे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मूळचे वर्ध्याकडचे. रायपूर राजधानी झाली, घरोघरी डॉक्टरांच्या पाट्या लागल्या, आणि काकांनी मुलीला परदेशात पाठवून डॉक्टर केलं. तिथली पदवी आणणाऱ्यांना इथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय दवाखाना टाकता येत नाही. त्या परीक्षेत पास होणाऱ्यांचा टक्का एका खेपेला बरा, पुढच्या खेपेला कोसळलेला. मी आकडेवारीच्या कार्यालयात, म्हणून विचारणा माझ्याकडे.

मुलगी पहिल्यांदा नापास झाली तेव्हा टक्का चढला होता. "आता टक्का पडतेच," काका म्हणाले. "लागोपाठ दोन दिवस गाडी टाइमावर आलेली पाहिली का तुमी?" पुढच्या परीक्षेला त्यांनी तिला बसूच दिलं नाही.

तिला मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत असायचं. "पापा, मैं ट्रेन नहीं हूँ."

मीही सांगून पाहिलं, "काका, टक्का गर्दीचा असतो. एकट्या मुलीचा नसतो."

"तुमाले पोट्टी नाही, भाऊ. आकडेच आहेत."

टक्का खरंच पडला. काका पेढे घेऊन आले. "वाचली पोट्टी!" न दिलेल्या परीक्षेचे पेढे मी आयुष्यात तेवढेच खाल्ले. ती मागे रस्त्यावर उभी होती. आत आली नाही.

मग हेच होत राहिलं. टक्का चढला की पडण्याची भीती, पडला की आणखी पडण्याची. वर्षं गेली, ती शिकलेलं विसरत गेली. शेवटी भांडून ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. टक्काही पडला होता. "सगळेच पडले न," काका म्हणाले, आणि त्या रात्री जेवले म्हणे.

पुढच्या खेपेला टक्का चढला. ती नापासच झाली. त्या दिवशी कडी वाजली नाही. दूध घेऊन काका पलीकडच्या कडेने, भिंतीकडे तोंड करून गेले.

आता ते नाहीत. मुलगी समता कॉलोनीतल्या एका इस्पितळात विम्याच्या खिडकीवर बसते. परवा बायकोच्या ऑपरेशनचे कागद घेऊन गेलो. त्या परीक्षेचा निकाल त्याच सकाळी लागला होता. शिक्के मारता मारता, मान वर न करता, ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.

"अंकल, टक्का चढला का पडला?"

आकडा मला दशांशासकट पाठ होता.

"पाहिला नाही, बेटा," मी म्हणालो.