चौथ्या मजल्यावरचे दात

सदर इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, एक चेटकीण वास्तव्यास असून तिची नेमणूक कोणी व केव्हा केली याचा तपशील उपलब्ध नाही. वय : साठीच्या पुढे, मुलांच्या मते तीनशे. बांधा : किरकोळ. कार्यक्षेत्र : जिना, गच्ची व मागील अंगण. कर्तव्य : खोटं बोलणाऱ्या, वेळेवर न झोपणाऱ्या आणि दुपारी आरडाओरडा करणाऱ्या मुलांचे दात उपटून ते खिडकीत वाळत घालणे. मोबदला : निरंक.

यातलं खिडकीत दात वाळत घालणं तेवढं खरं होतं.

बाई कवळ्या करायच्या. जवळपासचे दोन दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे. बाई त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायच्या, मेणाच्या हिरड्या चढवून त्यांवर दात बसवायच्या. प्लास्टर वाळायला ऊन लागतं, आणि ऊन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचं. अंगणात चेंडू शोधणाऱ्या मुलांनी मान वर केली की ओळीने सात-आठ जबडे त्यांच्याकडे बघून हसत असायचे. एवढं भांडवल मिळाल्यावर मुलांनी धंदा वाढवला नसता तरच नवल. कुणी म्हणालं, बाईकडे दातांची बरणी आहे. कुणी म्हणालं, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तिनेच कवळी दिली आणि तेव्हापासून आजोबा शिव्या देतात. (आजोबा आधीही द्यायचे, पण तोंडात दात नसल्यामुळे त्या कळत नव्हत्या.)

बाईंच्या कानावर हे दूधवाल्याकडून आलं.

"मावशी, तुम्ही म्हणे पोरांचे दात काढता?"

"तुझे काढायचेत का? पाण्याच्या दुधाने किडले असतील."

दूधवाला हसत हसत, पण एकेक पायरी गाळत खाली गेला.

तेव्हाच पोरांना वर बोलावून हातात मेणाचा गोळा दिला असता तर सगळी गोष्ट तिथल्या तिथे मिटली असती. बाईंच्या मनात आलंही. पण त्याच आठवड्यात अंगणातल्या चेंडूने एक तयार कवळी फोडली होती, आणि बरणीची गोष्ट पसरल्यापासून दुपारी अंगण कसं गार पडलं होतं. बाईंनी ती शांतता चाखली आणि त्यांना तिची चटक लागली. दात कसे घासावेत हे दाखवायचा एक भला मोठा बिजागरीचा जबडा डॉक्टरांनी टाकून दिला होता, तो त्यांनी घरी आणला. गलका वाढला की खिडकीतून हात बाहेर काढून तो दोनदा वाजवायचा. खट्, खट्. अंगण रिकामं.

आयांचीही सोय झाली. "झोपतोस की पाठवू चौथ्या मजल्यावर?" एवढं म्हटलं की घराघरांत दिवे मालवले जायचे. जिन्यात भेटल्या की आया बाईंकडे बघून गोड हसायच्या. फुकट राबणाऱ्या माणसाकडे बघून हसतात तसं.

दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी शिंपीण राहायची. तिची मुलगी आठ वर्षांची, गोल चेहऱ्याची. तिला सगळे बटण म्हणायचे. एका सोमवारी बाई तयार कवळी घेऊन जिना उतरत होत्या आणि बटण चढत होती. बाईंना बघताच ती भिंतीला चिकटली. तोंड गच्च मिटलेलं, डाव्या गालावर हात. त्या हाताच्या आजूबाजूनेही दिसत होतं की गाल सुजलाय. बाईंचा सारा जन्म लोकांच्या तोंडात गेलेला. वरची, मागची दाढ, हे त्यांना एका नजरेत कळलं. पण हातात कवळी होती आणि हाताला सवय होती. त्यांनी वाकून ती पोरीच्या कानाशी वाजवली. खट्.

बटण धूम पळाली. बाई उरलेला जिना उतरेपर्यंत हसत होत्या.

शुक्रवारी दुपारी शिंपीण दारात आली. दोरे कपड्यांना चिकटलेले, डोळे लाल.

"मावशी, जरा दवाखान्यात येता का माझ्याबरोबर?"

"काय झालं गं?"

"बटणची दाढ पिकलीय. सूज पार डोळ्याखाली गेलीय, डोळा उघडत नाही. पंधरा दिवस दुखत होतं म्हणे, आणि मला सांगितलं नाही कार्टीने! सांगितलं तर मी तिला तुमच्याकडे देईन म्हणून." शिंपीण हसायला गेली, ते जमलं नाही. "माझंच पाप, मावशी. मीच रोज भीती घालायचे. आता डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाही. म्हणते, हे तिचेच लोक. तुम्ही येऊन सांगा ना तिला, की तुम्ही तशा नाही."

बाईंनी पायात चपला सरकवल्या. सोमवारचं सांगायचं तर हीच वेळ होती, हे त्यांना कळत होतं. दुसरा मजला आला, पहिला आला, रस्ता लागला; शिंपीण स्वतःला दोष देत राहिली आणि बाई तिला "असू दे, असू दे" म्हणत राहिल्या. आपला दोष असा दुसऱ्याच्या माथी आयता जाताना बघणं किती सोपं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

खाटेवर बटण पाठमोरी होती. डॉक्टर हातात छोटा आरसा घेऊन ताटकळले होते. वाटेत बाईंनी वाक्य जुळवलं होतं : बाळ, मी चेटकीण नाही, मी दात करते, काढत नाही.

"बटण, बघ कोण आलंय," शिंपीण म्हणाली.

बटणने एका डोळ्याने बघितलं आणि किंकाळी फोडली. तोंड असं उघडलं की थेट पडजीभ दिसली. डॉक्टरांनी संधी साधून आरसा आत घातला.

"शाब्बास! बाई, अशाच उभ्या राहा. हलू नका."

बाई हलल्या नाहीत. जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. पोर गळा फाडून रडत होती, डॉक्टर निवांत बघत होते, आणि बाई आपल्या हुद्द्यावर उभ्या होत्या.

"वरची, मागची," डॉक्टर म्हणाले. "आजच भूल देऊन काढावी लागेल. चार दिवस आधी आणली असती तर वाचली असती. बरं झालं तुम्ही आलात."

बाहेर बाकावर शिंपिणीने त्यांचा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून, मावशी. तुमचे उपकार..."

"सोमवारी मी तिचा गाल बघितला होता," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"जिन्यात. कुठली दाढ ते पण कळलं होतं."

"मग?"

"मग मी तिच्या कानाशी कवळी वाजवली."

शिंपिणीला ते समजायला जरा वेळ लागला. मग तिने बाईंचा हात सोडला आणि बाकावरची पिशवी उचलून दोघींच्या मधे ठेवली.

"तुम्ही जा आता, मावशी."

बटण वाचली, डोळाही वाचला. बाईंनी मोठा जबडा कचऱ्यात टाकला आणि खिडकीला पडदा लावला. आता प्लास्टर वाळायला दुप्पट वेळ लागतो. पडद्याचा उपयोग झाला नाही. चेटकीण दवाखान्यात जाऊन बटणची दाढ घेऊन आली, हे मुलांना कळलं होतं, आणि या वेळी सांगणाऱ्यांकडे साक्षीदार होता. जिन्यात शिंपीण समोर आली की बाई खाली बघतात. शिंपीण मात्र सरळ बघते आणि बोलत नाही.

बोभाटा वाढला तेव्हा इमारतीच्या समितीने बैठक घेऊन जिन्याखाली सूचना लावली : सदर इमारतीत कोणत्याही प्रकारची चेटकीण राहत नाही व यापूर्वीही राहत नव्हती, तसेच अशा अफवांमुळे आजवर कोणाचेही कायमचे नुकसान झालेले नाही, याची सर्व रहिवाशांनी नोंद घ्यावी.

काढलेली दाढ दुधाची नव्हती.