कढई चढली

अंजनाबाईंना अक्षरओळख नाही, पण पुस्तकांचा नाद भारी. हिंदी मुलखातल्या रिसालीच्या घरी पंजाबराव पोलादाच्या प्लांटची ड्युटी करून आले की बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचे. पुस्तक संपलं की त्याच्या शेवटाला शोभेल असं गोड अंजनाबाई करायच्या. लग्न लागलं तर करंज्या. कुणी मेलं तर सुतकच! कढई चढायची नाही, हातावर नुसता गुळाचा खडा.

पंजाबराव गेले तेव्हा एक कादंबरी अर्धीच राहिली. त्या दिवसापासून कढई माळ्यावर.

परवा नात भाग्यश्रीने ती कादंबरी हाती घेतली. पोरीची शाळा हिंदी, मराठी धड कळत नाही. पण अक्षरं तीच, म्हणून घडाघडा वाचत गेली. शेवटच्या पानावर कादंबरीतला म्हातारा मेला. अंजनाबाईंनी डोळे पुसले, कढई काढली आणि गूळ घातलेल्या कणकेची खुरमी तळायला घेतली.

"आजी, कढ़ाई चढ़ गई, मतलब कोई नहीं मरा?" गरम खुरमी फुंकत भाग्यश्रीने विचारलं.

"मेला नं म्हातारा. पण तुह्या आजोबाचं अर्धं राहिलेलं तू पुरं केलं, बाई. त्यायचं सुतक आज फिटलं."