टिपवर भागव

नव्वदच्या दशकात मी जालन्यात, बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात वेटर होतो. आम्ही चौघं होतो, चौघंही लेकरंबाळं असलेले. पगार इतका कमी, की सोयऱ्याधायऱ्यांत सांगायची लाज वाटायची. वाढवून मागितला की मालक म्हणायचे, "टिप मिळते ना? मंग टिपवर भागव."

बिलासोबत बडीशेपेची बशी ठेवायची आणि दोन पावलं मागं हसऱ्या तोंडानं उभं राहायचं. गिऱ्हाईक आमच्याकडं बघायचं टाळायचं आणि आम्ही त्याच्या बोटांकडं बघायचो. घरी गेल्यावर मला ते हसू आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

एका बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीकडचे एक शेतकरी बायकोला दवाखान्यात दाखवून जेवायला आले. मी सुटे पैसे परत आणले तर ते हळूच म्हणाले, "भाऊ, बशीत ठेवावंच लागते का? गाडीच्या तिकिटापुरतेच राह्यले."

"बिलकुल न्हाई, मामा. उचला सगळे."

गल्ल्यावरून मालकांनी ते ऐकलं. भरल्या हॉटेलात ओरडले, "गिऱ्हाइकाला बिघडवून राह्यला का? अशानं तुला कोण देईल?"

"तुम्ही द्या," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं कोण जाणे. "काम तुमचं करून राह्यलो. पगार तुम्हीच द्या."

खांद्यावरचं फडकं मी गल्ल्यावर ठेवलं. मागं वळून बघितलं, तर बाकीचे तिघंही आपापली फडकी घेऊन आले होते. आत आचारीचाचांनी भट्टी बारीक केली आणि दारात येऊन म्हणाले, "सेठ, थाली उठानेवाला नहीं, तो मैं किसके लिए पकाऊँ?"

मालकांनी स्वतः वाढायला घेतलं. याची भाजी त्याला गेली, वरण एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं, चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन ते आमच्यासमोर आले.

"किती पाहिजे?"

आम्ही दुप्पट पगार सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला, आचाऱ्याकडं बघितलं, हाका मारणाऱ्या टेबलांकडं बघितलं.

"बराबर आहे," ते पुटपुटले. "एक तारखेपासून. आता उचला फडकी!"

आम्ही असे वाढायला सुटलो, जणू घरचंच लगीन होतं.

पुढच्या महिन्यात एका बड्या व्यापाऱ्यानं नोट हवेत नाचवत चुटकी वाजवली. मी शेजारच्या टेबलावर पाणी ठेवलं, मग सावकाश त्याच्याकडं गेलो.

"शेठ, आवाज द्या. चुटकी नको."

त्यानं नोट खिशात घातली आणि म्हणाला, "भाऊ, जरा चहा आणता का?"

मी चहा आणला, आणि कप ठेवून लगेच पाठ फिरवली.