भिंतीकडे फिरवलेला फोटो

भटूभाऊ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते एक विचित्र मागणी घेऊन. फ्रेमला कडी अशी बसवा, म्हणाले, की फोटो सुलटाही टांगता यावा आणि उलटाही. नंदुरबारला इतकी वर्षं मी फोटो मढवतोय. देवांचे, पुढाऱ्यांचे, स्वर्गवासी झालेल्यांचे. भिंतीकडे तोंड करून टांगायचा फोटो कुणी मढवून घेतला नव्हता. मोठ्या माणसाच्या डोक्यात हवा गेली असणार, असं मला वाटलं.

मोठे तर ते होतेच. रनाळ्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा जगभरच्या लढायांत कॅमेरा घेऊन फिरला. हा त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो: जळालेल्या घरापुढे जखमी पोर मांडीवर घेऊन रडणारी बाई. त्याला परदेशात बक्षीस मिळालं, तेव्हा गावानं त्यांची मिरवणूक काढली होती.

फ्रेम पोचवून भिंतीवर टांगली, तेव्हा त्यांनी जेवायला बसवलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं दादर ज्वारीची भाकरी वाढण्याआधी जाऊन फोटो भिंतीकडे उलटा केला.

"ती रडी ऱ्हायनी," मला म्हणाली, "तिन्हासमोर आपन जेवानं कसं?" मग मुलाकडे वळली. "तिन्हं नाव काय शे रे, भटू?"

भाऊंना नाव माहीत नव्हतं. पुढे माझं येणंजाणं वाढलं तेव्हा कळलं, म्हातारी रोज विचारायची आणि भाऊ रोज खाली मान घालून जेवायचे.

आई गेली, पण भाऊंनी ती रीत मोडली नाही. कॅमेरा मात्र सोडला. त्या बाईचा शोध घ्यायला त्या लढाईच्या मुलखात पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. फ्रेमच्या मागच्या कागदावर त्यांनी 'नाव' एवढंच लिहून पुढे जागा सोडली होती. एकदा जेवता जेवता मी शहाणपणा केला, असा फोटो नशिबानंच मिळतो म्हणालो. त्यांचा हात थांबला.

"पोरगं तवय जित्तं व्हतं," ते म्हणाले. "मन्ही गाडीमा जागा व्हती. उजेड चांगला व्हता, म्हनीसन मी फोटो काढत ऱ्हायनू."

तुम्ही तरी काय करणार होतात, असं मी पुटपुटलो. बोललो आणि माझीच मला लाज वाटली.

गेल्या वर्षी भाऊ गेले. सुतक फिटताना घालतात त्या गंधमुक्तीच्या जेवणाला त्यांचा स्वतःचा धड एक फोटो घरात सापडेना. घरच्या पोरांनी मग तोच गाजलेला फोटो ओसरीवर टांगला, त्याला हार घातला आणि खाली पंगत मांडली. हार बघून मी पुढे झालो. ती बाई अजून जिवंत असेल, आधी हार काढा, असं म्हणत मीच तो उतरवला आणि फोटो भिंतीकडे फिरवला.

बाई दिसेनाशी झाली, पण तिच्या जागी भाऊंचं अक्षर समोर आलं. 'नाव', आणि पुढे कोरा कागद. वाढपी दोनदा येऊन गेला. मी जेवलो नाही.